इस्पितळाची झाडलोट



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत या खेपेस एखादा इतिहासाचा लेख असावा असे बैठकीत ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. नाशिकच्या बाईने इतिहास लिहायचा म्हटला म्हणजे पंचवटी, आनंदवल्ली, गोपिकाबाई पेशवे असे विषय सहज डोळ्यांपुढे येतात. त्यांवर जाणत्या माणसांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यात भर घालण्याचा माझा अधिकार नाही. परंतु झाडणे, पुसणे, धुणे आणि आजाऱ्याच्या उशाशी बसणे ही कामे मी लग्न झाल्यापासून करीत आले आहे. या कामांनाही इतिहास असतो, एवढे मला वाचनालयातील पुस्तकांवरून कळले. तोच आज सांगते. विषय आहे इस्पितळाची झाडलोट.

‘झाडलोट’ हा शब्द मी जाणूनबुजून घेतला आहे. केवळ केर काढणे एवढाच त्याचा अर्थ येथे घेऊ नये. इस्पितळातील हवा, पाणी, मोरी, चादरी, केरकचरा, विजेच्या तारा, प्राणवायूच्या नळ्या हे सगळे रोजच्या रोज नीट राखणे, म्हणजे त्याची झाडलोट. डॉक्टर औषध देतात ते रोग्याला. झाडलोट हे इस्पितळाला दिलेले औषध होय. ते चुकले तर रोग्याला दिलेले चांगले औषधही वाया जाते. ही साधी गोष्ट शिकायला जगाला फार माणसे गमवावी लागली.

आपल्या आज्या-पणज्या म्हणत, दवाखान्यात नेलेले माणूस घरी येत नाही. आपण तो अडाणीपणा समजतो. पण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ते बोलणे पुष्कळ अंशी खरे होते, आणि केवळ आपल्याकडेच नव्हे, तर साहेबांच्या मुलखातही. युरोपात व्हिएन्ना म्हणून मोठे शहर आहे. तेथील इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर व त्यांचे विद्यार्थी बाळंतपण करीत, दुसऱ्यात सुईणी करीत. आपल्याला वाटेल, डॉक्टरांच्या विभागात बायका सुखरूप सुटत असतील. पण घडत होते उलटे. सूतिकाज्वराने मरणाऱ्या बायका डॉक्टरांच्या विभागात कितीतरी अधिक होत्या. गावातल्या बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या पाया पडत. कित्येक जणी तर रस्त्यातच बाळंत होणे पसंत करीत.

त्या इस्पितळात सेमेलवाइस नावाचे तरुण डॉक्टर होते. त्यांच्या मनाला ही गोष्ट खाऊ लागली. १८४७ साली त्यांचे एक स्नेही, तेही डॉक्टरच, प्रेताची चिरफाड करताना हाताला सुरी लागून वारले. त्यांची लक्षणे अगदी त्या बाळंतिणींसारखीच होती. तेव्हा सेमेलवाइस यांच्या ध्यानात आले की, विद्यार्थी सकाळी प्रेते चिरतात आणि त्याच हातांनी बाळंतिणीला तपासतात. सुईणी प्रेतांना हात लावीत नाहीत, म्हणून त्यांच्याकडच्या बायका वाचतात. मे महिन्यापासून त्यांनी विभागाच्या दारातच ब्लीचिंगच्या पाण्याचे भांडे ठेवले आणि हात धुतल्यावाचून कोणी आत यायचे नाही असा दंडक घातला. एप्रिलमध्ये शेकडा १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये ते प्रमाण शेकडा २ च्या आसपास आले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही, केवळ हात धुणे! आणि एवढे होऊनही मोठमोठ्या डॉक्टरांना ते पटले नाही. आपल्या हाताने रोगी मरतो, हे मोठ्या माणसाला कसे पटावे? सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात वारले. रोगाचे जंतू असतात हे जगाने मान्य केले ते त्यानंतर.

दुसरी गोष्ट फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईंची. त्यांचे नाव आपण शाळेत ऐकले आहे. हातात कंदील घेऊन रात्री जखमी शिपायांमधून हिंडणारी बाई, एवढेच चित्र आपल्या मनात राहते. १८५४ साली क्रिमियाच्या लढाईतील जखमींसाठी तुर्कस्तानात स्कुटारी येथे इंग्रजांचे इस्पितळ होते. तेथे शिपाई जखमांपेक्षा जुलाब आणि तापानेच अधिक मरत होते. इमारतीखालची गटारे तुंबलेली, हवा कोंडलेली, पिण्याच्या पाण्याच्या वाटेत मेलेले जनावर सडलेले. १८५५ च्या फेब्रुवारीत दाखल झालेल्यांपैकी शेकडा ४० हून अधिक माणसे मेली. मार्च महिन्यात सरकारने आरोग्याची माणसे पाठविली. त्यांनी गटारे मोकळी केली, भिंतींना चुना दिला, खिडक्या उघडल्या, घाण उचलून नेली. उन्हाळ्यापर्यंत मरणाचे प्रमाण शेकडा दोन-तीनवर आले.

नाइटिंगेलबाईंनी पुढे आयुष्यभर हे आकडे मांडून सरकारला हैराण केले. त्यांचे सांगणे असे की, इस्पितळाने रोग्याला बरे करणे पुढचे, आधी त्याला नवा अपाय तरी होता कामा नये. त्यासाठी लांबट खोल्या, समोरासमोर खिडक्या, खाटांत पुरेसे अंतर, आणि धूळ उडविणाऱ्या कोरड्या झटकणीऐवजी ओले फडके. आपल्याकडची जुनी सरकारी इस्पितळे पाहा. उंच छत, रुंद व्हरांडा, दोन्ही बाजूंना मोठ्या खिडक्या. ही शोभा नव्हे. कोंडलेल्या हवेत मेलेल्या माणसांनी शिकविलेला तो धडा आहे. बाई हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, पण येथील गावांच्या स्वच्छतेविषयी त्यांनी पुष्कळ लिहिले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. त्या सभेचे मोठे आधारस्तंभ न्यायमूर्ती रानडे. त्यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यात निफाडला, १८४२ साली झाला. रानड्यांच्या घराशी या विषयाचा संबंध पुढे पुन्हा येणार आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग आहे, हे प्रथम डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी ओळखले. हे मूळचे गोव्याकडचे. तेथून प्लेग रेल्वेच्या वाटेने पुण्याला गेला, आपल्या नाशिकलाही आला. सरकारने सक्तीने घरे तपासली, सामान बाहेर काढून जाळले, भिंती औषधांनी धुऊन काढल्या, माणसे उचलून प्लेगच्या इस्पितळांत आणि तट्ट्यांच्या छावण्यांत नेली. ही झाडलोट कडक होती, पण दोन गोष्टींत फसली. पहिली ही की, रोग कशाने पसरतो ते कोणालाच ठाऊक नव्हते. प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे येतो, हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली दाखविले. तोपर्यंत भिंती धुतल्या जात होत्या आणि उंदीर शेजारच्या घरात जात होते. दुसरी गोष्ट माणुसकीची. गोऱ्या शिपायांनी घरात शिरून बायकांना हात लावला, देवघरे तुडविली. लोकांनी रोगी लपविले आणि रोग वाढला. म्हणून मी म्हणते, स्वच्छता ज्ञानाने आणि मायेने केली तरच ती स्वच्छता. दंडुक्याने केलेल्या स्वच्छतेला लोक दारे लावून घेतात.

त्याच वेळी मायेने चालविलेले एक इस्पितळही होते. सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंतराव यांनी १८९७ साली पुण्याबाहेर हडपसरकडे, ससाणे यांच्या माळावर, प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. जागा कशी निवडली ती पाहा. गावाबाहेरची, मोकळ्या माळावरची, वारा वाहणारी. सावित्रीबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आपण त्यांची पुण्यतिथी पाळतो, फोटोला हार घालतो. पण त्यांच्या मरणात इस्पितळाविषयीचा एक धडा आहे, तो कोणी सांगत नाही. इस्पितळ रोग्याला सुखरूप असावे, तसेच तेथे राबणाऱ्या माणसालाही असावे. हातमोजे, तोंडावरचा कपडा, धुण्याचे पाणी, अंगरखा या वस्तू नर्सबाईंची आणि झाडणाऱ्या मावशींची चैन नव्हे. त्या नसतील तर सेवा करणाराच उद्याचा रोगी होतो.

नाशिकमध्येही हेच घडले. १८९९ साली भगूरला सावरकरांच्या घरात प्लेग शिरला. वडील दामोदरपंत गेले. पुढे धाकट्या नारायणरावांना नाशिकच्या प्लेगच्या इस्पितळात ठेवावे लागले. त्यांच्या शुश्रूषेला वडील बंधू बाबाराव तेथे राहिले आणि मग त्यांनाही प्लेग झाला. दोघे वाचले हे भाग्य. पण जरा विचार करा. त्या काळी घरचे माणूस रोग्याबरोबर इस्पितळात राहावयाचे ते जिवावर उदार होऊनच. गावात मागे राहिलेल्या बायका कोणत्या बातमीची वाट पाहत दिवस काढीत असतील, ते आपण बायकाच समजू शकतो.

शुश्रूषा घरच्या माणसाने करायची की शिकलेल्या परिचारिकेने, हा प्रश्न मग पुढे आला. येथे रानड्यांचे घर पुन्हा येते. न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले. तेथे शिवण-टिपण, लिहिणे-वाचणे होतेच; पण १९११ च्या सुमारास त्यांनी मुलींना व विधवांना ससून इस्पितळात नर्सिंग शिकायला पाठविण्यास आरंभ केला. सोवळ्या-ओवळ्याचा तो काळ. परक्या पुरुषाचे अंग पुसायचे, मलमूत्राचे भांडे उचलायचे, कोणत्याही जातीच्या रोग्याला हात लावायचा! भल्या घरच्या बाईने असले काम करावे हे लोकांना सहन होण्यासारखे नव्हते. रमाबाईंनी त्या टीकेला तोंड दिले आणि मुली तयार केल्या. आज गावोगावच्या इस्पितळांत पांढऱ्या कपड्यांतल्या सिस्टर दिसतात. त्यांच्यासाठी ही वाट मोडणाऱ्यांत रमाबाई होत्या.

परंतु एक गोष्ट स्पष्ट बोलावीशी वाटते. नर्सचे काम मानाचे झाले, ते योग्यच झाले. झाडणाऱ्याचे काम मात्र मानाचे झाले नाही. घाण उचलण्याचे काम आपल्या समाजाने काही जातींच्या माथी मारले आणि मग त्याच लोकांना घाणेरडे म्हटले. आजही इस्पितळात डॉक्टरांच्या नावाची पाटी दारावर असते. फरशी पुसणाऱ्या मावशीचे नाव आपण विचारीत नाही. ती पुष्कळदा ठेकेदाराकडची, कमी पगाराची असते. वर सांगितलेल्या हकिगती पाहिल्या म्हणजे कळते की रोग्याचा जीव जितका डॉक्टरांच्या हातात असतो, तितकाच तिच्या फडक्यात असतो.

अशा एका मावशींशी माझी ओळख झाली. आमच्या नात्यातील एक सून बाळंतपणासाठी एका दवाखान्यात होती. तिचे टाके पिकले आणि चार दिवसांऐवजी तीन आठवडे मुक्काम पडला. तेथील मोरी व खोली एकाच फडक्याने पुसली जाते, हे आम्हाला रोज दिसत होते. पुढे तिला दुसऱ्या इस्पितळात हलविले, तेथे या मावशी होत्या. त्यांनी मला पुसण्याची जी रीत दाखविली, ती मी येथे मुद्दाम लिहिते, कारण ती घरीही उपयोगी आहे. बादल्या तीन. पहिलीत साबणाचे पाणी, दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी, तिसरीत जंतुनाशक औषधाचे पाणी. पुसायला सुरुवात स्वच्छ बाजूने करायची आणि घाणेरड्या बाजूकडे जायचे. आतून दाराकडे यायचे. संडास-मोरीचे फडके वेगळे, ते खोलीत आणायचे नाही. रक्त सांडले तर लगेच फडका ओढायचा नाही. त्यावर आधी औषध टाकून काही वेळ थांबायचे, मग उचलायचे. आणि रोग्यांच्या खोलीत कोरडा झाडू मारायचा नाही, कारण धुळीबरोबर रोगही उडतो. म्हणजे माझ्या लेखाचे नाव ‘झाडलोट’ असले तरी इस्पितळात झाडू चालत नाही, हे मावशींनीच मला शिकविले!

स्वातंत्र्यानंतर या कामाला कायद्याचा आधार मिळत गेला. खासगी दवाखान्यांची नोंदणी करण्याचा कायदा आपल्या प्रांतात १९४९ सालीच झाला. इस्पितळातील कचऱ्याविषयी देशाचे नियम १९९८ साली आले आणि २०१६ साली ते नवे झाले. आपण घंटागाडीसाठी ओला-सुका वेगळा करतो, तसेच तेथे रंग ठरलेले आहेत. रक्ताने भरलेला कापूस, पट्ट्या, शरीराचे काढलेले भाग पिवळ्या पिशवीत. ते जाळले जातात. सलाईनच्या नळ्या, बाटल्या असे प्लॅस्टिक लाल पिशवीत. सुया आणि पाती पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात. आणि हा कचरा ४८ तासांहून अधिक साठवून ठेवायचा नाही. हे नियम कोणासाठी? पहिल्याने त्या कचरा वेचणाऱ्या बाईसाठी, जिच्या हाताला उघडी सुई टोचली तर कावीळ किंवा एड्ससारखा रोग तिच्या घरापर्यंत जाऊ शकतो. २०१५ साली केंद्र सरकारने ‘कायाकल्प’ ही योजना काढली. तीत सरकारी इस्पितळांची स्वच्छता तपासून गुण देतात आणि पहिल्या येणाऱ्यांना बक्षीस देतात. शाळेतल्या मुलांप्रमाणे इस्पितळांची परीक्षा! मला ही कल्पना आवडली.

पण गर्दीपुढे नियम थिटे पडतात. २०१७ साली आपल्या नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात एकट्या ऑगस्ट महिन्यात ५५ अर्भके दगावल्याची बातमी सबंध देशात गाजली. बाळांना ऊब देण्याच्या पेट्या अपुऱ्या असल्यामुळे एकेका पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत, असे तेव्हा छापून आले. बाळे फार उशिरा, खासगी दवाखान्यांतून शेवटच्या घटकेला आणली जातात, असे तेथील डॉक्टरांनी सांगितले आणि त्यात तथ्यही असेल. तथापि दीडशे वर्षांपूर्वी नाइटिंगेलबाई खाटांमधले अंतर मोजत होत्या, त्याचे कारण हेच. एकाच्या जागी तीन रोगी आले की एकाचा रोग तिघांचा होतो.

आता २०२१ सालाविषयी. हे लिहिताना हात जड होतो. त्या वर्षी ९ जानेवारीच्या पहाटे भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. सात बाळांना वाचविता आले. राज्यातील सर्व इस्पितळांची आगीच्या दृष्टीने तपासणी करण्याचे हुकूम सुटले. मग करोनाची दुसरी लाट आली आणि आपल्या शहरात खाट मिळणे कठीण झाले. २१ एप्रिलला महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात भर दुपारी प्राणवायूची टाकी गळू लागली.

ही टाकी म्हणजे काय, ते आपल्यापैकी पुष्कळ जणींना त्या दिवशी प्रथम कळले. प्राणवायू अतिशय थंड केला, म्हणजे शून्याखाली १८३ अंशांपर्यंत नेला, की तो पाण्यासारखा पातळ होतो. असा पातळ प्राणवायू थोड्या जागेत पुष्कळ मावतो. एका लिटरचे पुढे आठशेहून अधिक लिटर वायू होतात. तो मोठ्या टाकीत भरतात. तेथून तो ऊब मिळून पुन्हा वायू होतो आणि नळ्यांतून प्रत्येक खाटेपर्यंत जातो. म्हणजे घरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आणि नळ, तसेच हे. फरक इतकाच की पाण्यावाचून माणूस काही तास काढील, प्राणवायूवाचून काही मिनिटे. त्या दुपारी टाकी भरण्याच्या वेळी गळती सुरू झाली आणि आवारभर पांढरे धुके पसरले. ते धुके म्हणजे हवेतली वाफ गोठून झालेला ढग. अग्निशामक दलाने पाणी मारले, गळती बंद केली. पण त्या अवधीत नळ्यांतला दाब उतरला होता. आत सुमारे दीडशे रोगी होते आणि त्यांतले बहुतेक प्राणवायूवर होते. त्या दिवशी २२ जण गेले. नातेवाईक हातात मिळेल ते सिलिंडर घेऊन खाटांमधून धावत होते. दुपारपर्यंत ती बातमी नाशिकच्या प्रत्येक घरात पोहोचली होती आणि आमच्या आळीत त्या संध्याकाळी कोणाच्या घरी धड स्वयंपाक झाला नाही.

सरकारने विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. मृतांच्या घरी मदत दिली गेली. दोनच दिवसांनी, २३ एप्रिलला, विरार येथे एका खासगी इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात आग लागून पुन्हा डझनाहून अधिक रोगी गेले. नोव्हेंबरच्या ६ तारखेला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळाला आणि ११ जण गेले. एकाच वर्षात, एकाच राज्यात!

या घटनांत कोणाचा किती दोष, ते ठरविणे न्यायालयाचे काम. मला एवढेच दिसते की जुने संकट आणि नवे संकट यांत एक सारखेपणा आहे. व्हिएन्नात हात मळलेले होते, स्कुटारीत गटार तुंबलेले होते, आपल्याकडे नळी आणि तार यांनी दगा दिला. या सर्व ठिकाणी रोगी आपल्या रोगाने मेला नाही. ज्या जागेवर विश्वासाने आणून ठेवला त्या जागेने तो मेला. जुन्या काळी इस्पितळाची झाडलोट फडके आणि चुना यांवर भागत होती. आता तीत वीज आली, यंत्रे आली, प्राणवायू आला. जेथे प्राणवायू जास्त तेथे ठिणगीची आग फार वेगाने भडकते. अतिदक्षता विभागात यंत्रे रात्रंदिवस चालतात, तारा तापतात, पडदे आणि गाद्या असतातच, आणि रोग्याला स्वतः उठून पळता येत नाही. म्हणून तेथे वायरमनचे काम नर्सच्या कामाइतकेच सेवेचे मानले पाहिजे. रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना आपण वात, तेल, आजूबाजूचा कपडा पाहतो की नाही? तसे रोज कोणीतरी पाहिले पाहिजे. वर्षातून एकदा कागदावर शिक्का मारून भागत नाही.

आता आपण बायकांनी काय करावे? आजाऱ्याबरोबर इस्पितळात राहणारी बहुधा बाईच असते. तिचे डोळे उघडे असले तर पुष्कळ अनर्थ टळतील. रोग्याला दाखल करताना आपण भाडे विचारतो, डॉक्टरांची कीर्ती विचारतो. त्याबरोबर हेही विचारावे. आग लागली तर बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कोठे आहे, आणि त्यापुढे खाटा-कपाटे तर रचलेली नाहीत ना? आग विझविण्याचे नळकांडे भिंतीवर आहे का, त्यावरची तारीख उलटली आहे का? हात धुण्याची जागा, पाणी आणि साबण आहे का? पिवळ्या-लाल पिशव्या वेगळ्या आहेत का? तपासायला येणाऱ्याने हात धुतले का? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. आपण नम्रपणे, ‘डॉक्टरसाहेब, तेवढे हात धुता का?’ असे म्हटले तर चांगला डॉक्टर रागावणार नाही.

आणि आपल्याकडूनही काही पाळले गेले पाहिजे. एका रोग्याला भेटायला दहा माणसे जाणे, खाटेवर बसून डबा उघडणे, हात धुण्याच्या बेसिनमध्ये भात ओतणे, जिन्याच्या कोपऱ्यात तंबाखू थुंकणे, वॉर्डात शेगडी किंवा मोबाईलचे चार्जर वाटेल त्या प्लगला लावणे, लहान मुलांना बरोबर नेणे, या सवयी सुटल्या पाहिजेत. घरचे पुरुष ऐकत नसतील तर त्यांना सांगणेही आपलेच काम आहे.

आपले मंडळ हळदीकुंकू, भजन, शिवणवर्ग चालविते. माझी अल्पशी सूचना अशी की, या वर्षापासून मंडळाच्या चार भगिनींनी तीन महिन्यांतून एकदा आपल्या भागातल्या इस्पितळास भेट द्यावी. परवानगी घेऊन, दोष काढायला नव्हे, तर वरील प्रश्न विचारायला. आणि जेथे काम चांगले दिसेल तेथील मावशींना साडी-चोळी देऊन मंडळाच्या वतीने त्यांचा सत्कार करावा. सिंहस्थ तोंडावर आहे; लक्षावधी माणसे गोदाकाठी येतील आणि त्यांतले आजारी आपल्याच इस्पितळांत येतील. तेव्हा ही सवय उपयोगी पडेल.

सावित्रीबाईंनी पाठीवर मूल आणले, रमाबाईंनी बायकांच्या हाती शुश्रूषा दिली. आपल्याला इतके मोठे काम जमणार नाही. पण दवाखान्याच्या दारात उभे राहून ‘येथे माझे माणूस सुखरूप आहे ना?’ असे विचारणे आपल्याला जमण्यासारखे आहे. तेवढे आपण सर्व जणींनी करावे, अशी विनंती करून हा लेख पुरा करते.